जमिनीखालची भिंत : घराच्या पायासाठी काँक्रीट ब्लॉक निवडताना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या म्हणीच्या पूर्वार्धाचा प्रत्यय गृहकर्ज विभागात काम करणाऱ्याला दररोज येतो. कर्जासाठी येणारे ग्राहक फरशीचा रंग, स्वयंपाकघराचा ओटा, दर्शनी सज्जा आणि मुख्य दरवाजाचे लाकूड यांविषयी अतिशय आस्थेने बोलतात. मात्र ज्या भिंतीवर हे सारे उभे राहावयाचे असते, त्या पायाच्या भिंतीविषयी आपणहून विचारणारा ग्राहक विरळाच. ती भिंत जमिनीखाली जाते, महिनाभरात मातीने झाकली जाते आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणूनच तिच्याविषयी चार गोष्टी आपल्या वाचकांसमोर मांडाव्यात, या हेतूने हा लेख.

काही वर्षांपूर्वी माझी बदली लखनौ येथे झाली होती. लखनौ म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून तेथे सुरू झालेले, आज विद्यापीठ होऊन त्यांचेच नाव धारण करणारे संगीत महाविद्यालय. नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने गेलेली आणि तेथेच रुजलेली मराठी कुटुंबे लखनौमध्ये आजही आहेत. अशाच एका कुटुंबातील पतिपत्नी एके दिवशी आमच्या शाखेत आले. शहराच्या दक्षिणेस, कानपूर रस्त्याच्या बाजूला त्यांनी भूखंड घेतला होता. ठेकेदाराला संपूर्ण काम न देता, साहित्य स्वतः घेऊन आणि मिस्त्री लावून घर बांधण्याचा त्यांचा विचार होता. आज तळमजला आणि मुलगा कमावता झाल्यावर वरचा मजला, अशी योजना होती.

त्यांच्या हातात पायाच्या भिंतीसाठी घेतलेली तीन दरपत्रके होती. एक पोकळ काँक्रीट ब्लॉकचे, दुसरे भरीव काँक्रीट ब्लॉकचे आणि तिसरे ‘एएसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ब्लॉकचे. मिस्त्रीने सल्ला दिला होता, “साहब, ज़मीन के नीचे कौन देखता है? जो सस्ता पड़े, लगा दीजिए.” गृहस्थांना तो सल्ला पटू लागला होता. वहिनींनी मात्र एक साधा प्रश्न विचारला, “तिन्हींना ब्लॉकच म्हणतात, तर मग दरांत एवढा फरक कशाचा?”

या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावयाचे तर प्रथम लखनौची जमीन पाहावी लागते.

जेथे दगड नाही अशी जमीन

आपल्याकडे पाया म्हटला की डोळ्यांसमोर काळ्या दगडाचा डबर येतो आणि कोकणात जांभा. खोदता खोदता मुरूम लागला की गवंडी समाधानाने मान हलवतो. लखनौमध्ये असा दिलासा नाही. गंगेच्या मैदानातील हे शहर गोमतीच्या दोन्ही काठांवर वसलेले असून त्याच्याखाली शेकडो फुटांपर्यंत नद्यांनी आणलेला गाळच आहे. या गाळात माती, बारीक वाळू आणि मधूनमधून चुनखडीचे कंकर सापडतात, दगड सापडत नाही. बांधकामासाठी लागणारी खडी विंध्य-बुंदेलखंडाच्या बाजूने, महोबा जिल्ह्यातील कबरई किंवा सोनभद्र जिल्ह्यातील डाला यांसारख्या ठिकाणांहून येते. ‘मौरंग’ या नावाने ओळखली जाणारी जाडसर तांबूस वाळूही बेतवा आणि केन या नद्यांच्या खोऱ्यांतूनच येते. लखनौमध्ये सहज मिळते ती माती, आणि म्हणून वीट.

नबाबी लखनौ विटांचेच आहे. नबाब आसफउद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधावयास घेतलेला बडा इमामबाडा पातळ लाखौरी विटा आणि चुना यांनी बांधलेला आहे. सुमारे पन्नास मीटर लांबीच्या त्याच्या मध्यवर्ती दालनाला तुळई नाही. जेथे दगड नाही तेथे भार जाड भिंतींतून रुंद पायावर पसरवून मातीला पेलेल इतका सौम्य करावयाचा, हे तत्त्व त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. पायाचे शास्त्र आजही त्याच तत्त्वावर चालते.

लखनौच्या जमिनीची आणखी एक बाजू आहे. शहराच्या आसपास काही पट्ट्यांत ‘ऊसर’ म्हणजे क्षारयुक्त, नापीक जमीन आढळते. कानपूर रस्त्यावरील बंथरा येथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे ऊसर जमिनीवर प्रयोग करणारे केंद्र आहे, यावरून या प्रश्नाचे महत्त्व कळावे. अशा जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो, त्याला तेथे ‘रेह’ म्हणतात. त्यात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व इतर क्षार असतात. पाणी अशा मातीत लवकर मुरत नाही, साचून राहते. जमिनीतील ओल सूक्ष्म छिद्रांवाटे भिंतीत चढते, आपल्याबरोबर क्षार नेते, पृष्ठभागाजवळ पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. मग गिलावा फुगतो, रंग सुटतो, विटेचा भुगा पडू लागतो. याला तेथील लोक ‘नोना’ म्हणतात आणि आपण ‘लोणा’. शब्दांतील हे साम्य पाहून त्या पतिपत्नींना हसू आले, परंतु त्यांच्या भाड्याच्या घरातील लोणा लागलेली भिंत आठवून ते लगेच गंभीरही झाले.

तेव्हा लखनौमध्ये पायाच्या भिंतीसमोर दोन कामे असतात. वरचा भार खाली पोहोचवावयाचा आणि खालची ओल वर येऊ द्यावयाची नाही.

भार किती असतो?

आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, हिशेब सोपा आहे. भिंतींवर छत टेकणारे दुमजली घर घेऊ. २० सेंटिमीटर जाडीची आणि तीन मीटर उंचीची भिंत दर मीटर लांबीला सुमारे १.२ टन भरते. दोन मजल्यांची मिळून २.४ टन. दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरच्या खोल्या असतील, तर मधल्या भिंतीवर एका छताचा, माणसे व सामान धरून, दर मीटरला सुमारे २.३ टन भार येतो. दोन छतांचा ४.६ टन. एकूण भार झाला सात टन.

हे सात टन एक मीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद भिंतीवर, म्हणजे २,००० चौरस सेंटिमीटरवर पडतात. दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. ‘हे तर काहीच नाही,’ असे कोणालाही वाटेल. परंतु भिंत म्हणजे सुटा ब्लॉक नव्हे. तिच्यात सांधे असतात, ब्लॉक किंचित वाकडे बसतात, भार मध्यावर पडतोच असे नाही. म्हणून ढोबळमानाने सुट्या ब्लॉकच्या दाबशक्तीचा दहावा भागच भिंतीची सुरक्षित क्षमता समजतात. याचा अर्थ, चौरस सेंटिमीटरला ३५ किलो दाबशक्तीचा ब्लॉक या घरासाठी अगदी काठावर येतो आणि ५० किलोचा ब्लॉक पुरेसा ठरतो. आज फक्त तळमजला बांधून उद्या वरचा मजला चढवू इच्छिणाऱ्याने पायासाठी हिशेब दोन मजल्यांचाच करावा. पाया नंतर जाड करता येत नाही.

भिंतीखालच्या मातीचाही विचार हवा. माती चौरस मीटरला दहा टन पेलते असे परीक्षणात आढळले आणि पायाच्या भिंतीचे स्वतःचे वजन धरून दर मीटरला आठ टन भार आला, तर पायाच्या बुडाची रुंदी ८० सेंटिमीटर हवी. म्हणून चराच्या तळाशी रुंद काँक्रीटचा थर, त्यावर दुहेरी ब्लॉकचे थर आणि वर एकेरी भिंत अशा पायऱ्या काढतात. मातीची क्षमता जागोजाग बदलते. नदीकाठी, जुन्या तळ्यावर किंवा भरावावर ती फारच कमी असू शकते. म्हणून हा आकडा शेजाऱ्याला न विचारता मृदा-परीक्षणातून घ्यावा. भारतीय मानकांनुसार पाया नैसर्गिक जमिनीखाली किमान ५० सेंटिमीटर असावा लागतो, प्रत्यक्षात मऊ गाळात तो याहून खोल घेणे योग्य ठरते.

घर खांब-तुळयांच्या सांगाड्याचे असेल, तर मुख्य भार खांबांतून जातो आणि खांबांमधील पायाच्या भिंतीवर जोत्यातील भराव रोखण्याचे काम राहते. अशा घरात दाबशक्तीची निकड काहीशी कमी होते, ओलीची मात्र तसूभरही होत नाही.

तीन ब्लॉक, तीन स्वभाव

आता वहिनींच्या प्रश्नाकडे वळू. त्या तीन दरपत्रकांत तीन निरनिराळ्या वस्तूंचे दर होते.

*पोकळ ब्लॉक.* यात मध्ये मोठी पोकळी असते. माल कमी लागतो, वजन कमी होते, भिंत भरभर उठते. अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० मध्ये असे ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्यानंतर तेथे तळघरांच्या भिंतीही पोकळ ब्लॉकच्या होऊ लागल्या. परदेशातील अशी छायाचित्रे पाहून काही ग्राहक आपल्याकडेही तेच करू पाहतात. परंतु चांगल्या कामात तेथे जमिनीखालच्या पोकळ्यांत सळया घालून काँक्रीट भरतात आणि बाहेरून जलरोधक लेप देतात, ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. पोकळ्या रिकाम्या राहिल्या, तर त्यांत पाणी साठते आणि वाळवीला जमिनीतून थेट घरात येण्याची वाट मिळते. पोकळ ब्लॉक पायात वापरावयाचेच असतील, तर प्रत्येक पोकळी काँक्रीटने ठासून भरावी लागते. तो खर्च धरला की पहिल्या दरपत्रकातील स्वस्ताई उरत नाही.

*एएसी ब्लॉक.* वाफेच्या दाबाखाली पक्व केलेले हे हवायुक्त काँक्रीट होय. त्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे असल्याने ते साध्या काँक्रीटच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकेच भरते. लखनौच्या कडक उन्हाळ्यात वरच्या मजल्याच्या भिंतींसाठी ते उत्तम, कारण उष्णता आत येऊ देत नाही आणि सांगाड्यावरील भारही कमी करते. परंतु ते पाणी भरपूर शोषते आणि त्याची दाबशक्तीही बेताची असते. सतत ओल्या राहणाऱ्या, क्षारयुक्त मातीत ते घालू नये. चांगली वस्तू चुकीच्या जागी वापरल्यास वाईट ठरते, याचे हे उदाहरण.

*भरीव काँक्रीट ब्लॉक.* हा जड, दाट आणि दिसायला साधा असतो. उचलताना मजूर कुरकुरतात, कारण चाळीस सेंटिमीटर लांबीचा एक ब्लॉक अठ्ठावीस-तीस किलो भरतो. परंतु पायात हे वजनच उपयोगी पडते. दाट काँक्रीटमध्ये छिद्रे कमी, म्हणून पाणी कमी चढते आणि दाबशक्ती अधिक. जमिनीखालच्या भिंतीसाठी निवड करावयाची ती याची.

अर्थात, ‘भरीव’ हा शब्द दरपत्रकावर लिहिल्याने ब्लॉक चांगला होत नाही. शहराबाहेरील लहान कारखान्यांत पुष्कळदा मौरंगऐवजी स्वस्त बारीक वाळू आणि दगडाची भुकटी वापरली जाते, सिमेंटवर हात आखडता घेतला जातो आणि पाणी दोन दिवसांत बंद केले जाते. असा ब्लॉक बाहेरून गुळगुळीत दिसतो. त्याची परीक्षा कशी करावी?

चार कसोट्या

काँक्रीट ब्लॉकसाठी भारतीय मानक आयएस २१८५, भाग १ हे असून त्याची सुधारित आवृत्ती २००५ ची आहे. त्यातील तरतुदींच्या आधारे सामान्य ग्राहकालाही पुढील चार गोष्टी पाहता येतात.

१. *वजन.* भार पेलणाऱ्या भरीव ब्लॉकची घनता घनमीटरला किमान १,८०० किलो असावी लागते. व्यवहारात ४०० × २०० × २०० मिलिमीटर म्हटला जाणारा ब्लॉक प्रत्यक्षात सांध्यासाठी दहा मिलिमीटर सोडून ३९० × १९० × १९० असतो. त्या मापाचा कोरडा ब्लॉक निदान २५ किलो भरलाच पाहिजे. चांगला ब्लॉक २८ किलोच्या पुढे जातो.

२. *पाणी.* कोरड्या ब्लॉकचे वजन करावे, तो चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावा, काढून पुसावा आणि पुन्हा वजन करावे. वाढ दहा टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. २८ किलोचा ब्लॉक भिजल्यावर ३०.८ किलोच्या वर जाऊ नये. तुलनेसाठी सांगावयाचे तर साध्या भाजक्या विटेला मानकानुसार वीस टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

३. *दाबशक्ती.* ही घरी तपासता येत नाही. भरीव ब्लॉकचे मानकात दोन वर्ग आहेत, चौरस मिलिमीटरला ४ आणि ५ न्यूटन, म्हणजे आपल्या भाषेत चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० आणि ५० किलो. पायासाठी वरचा वर्ग मागावा आणि खरेदीपत्रावर तसे लिहून घ्यावे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आठ ब्लॉकची चाचणी करून घ्यावी. आठांची सरासरी ५ न्यूटन यावी आणि एकही ब्लॉक ४ न्यूटनच्या खाली जाऊ नये. केवळ सरासरीवर समाधान मानू नये, कारण भिंत तिच्यातील दुबळ्या ब्लॉकपाशीच तडकते.

४. *वय आणि आकार.* ब्लॉकला किमान चौदा दिवस पाणी मिळालेले असावे आणि त्यानंतर तो सावलीत वाळलेला असावा. काँक्रीट वाळताना आकसते. हे आकसणे भिंतीत बसण्यापूर्वी घडून गेले नाही, तर सांध्यांशेजारी केसासारख्या भेगा पडतात. म्हणून साधारण महिनाभर वयाचाच माल घ्यावा. कडा शाबूत, कोपरे काटकोनात आणि मापे सारखी असावीत. खिळ्याने ओरखडा ओढल्यावर भुकटी सुटत असेल, तर तो ब्लॉक परत करावा.

आमच्या त्या ग्राहकांनी भरीव ब्लॉकची निवड केली आणि पहिली खेप भूखंडावर आली. वहिनींनी ओळखीच्या धान्य दुकानातून वजनकाटा मागवून घेतला. मिस्त्री आणि मजूर हा प्रकार कुतूहलाने पाहत होते. दहा ब्लॉक मोजले, कोणताही २३ किलोच्या वर गेला नाही. एक ब्लॉक रात्रभर व दुसरा दिवसभर पाण्यात ठेवला, तो २६ किलो भरला. तेरा टक्के पाणी! पुरवठादाराने प्रथम ‘सगळीकडे असाच माल जातो’ असे सांगितले. खरेदीपत्रावर घनता आणि वर्ग लिहिलेला होता, म्हणून त्याला वाद वाढविता आला नाही. खेप परत गेली. दहा दिवस काम थांबले, मजुरांचे खाडे भरावे लागले आणि गृहस्थांनी मला फोनवर आपली नाराजीही ऐकविली. परंतु दुसऱ्या ठिकाणाहून आलेला माल २८ ते २९ किलोचा निघाला, आणि प्रत्येक ट्रॉलीतील दोन ब्लॉक काट्यावर घालण्याचे काम मिस्त्रीने आपणहून आपल्याकडे घेतले.

दर कसा ताडून पाहावा?

ब्लॉकचा दर नगावर आणि विटेचा हजारावर सांगितला जातो, त्यामुळे तुलना फसते. दोन्हींचा दर भिंतीच्या एका घनमीटरवर आणावा. एका घनमीटर भिंतीत वरील मापाचे सुमारे ६२ ब्लॉक बसतात, तर नऊ इंची विटा सुमारे ४०० लागतात. ब्लॉकच्या भिंतीत सिमेंट-वाळूच्या मालाचे आकारमान जेमतेम बारा टक्के असते, विटेच्या भिंतीत ते बावीस टक्क्यांच्या घरात जाते. माल आणि मजुरी धरून बेरीज केल्यावरच कोणते स्वस्त ते ठरते.

वीट वाईट असे मात्र समजू नये. चांगली भाजलेली, टणक, ‘अव्वल’ वीट लखनौमध्ये पिढ्यान् पिढ्या पायात वापरली गेली आहे. तुमच्या परिसरात चांगला ब्लॉक मिळत नसेल, तर कच्च्या ब्लॉकपेक्षा पक्की वीट केव्हाही श्रेष्ठ. ब्लॉकची बाजू घ्यावयाची ती तो कसोट्यांना उतरला तरच.

आता मूळ प्रश्न, पैसे किती वाचतात? पन्नास मीटर लांबीच्या पायाच्या भिंती, खाली दोन दुहेरी थर आणि वर चार एकेरी थर, असे धरले तर एकंदर एक हजार ब्लॉक लागतात. चांगल्या ब्लॉकला नगामागे दहा रुपये अधिक पडले असे मानले, तरी संपूर्ण पायाचा फरक दहा हजार रुपयांचा. पंचवीस लाखांच्या घरात हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी होते. फरशीच्या निवडीत आपण याच्या कितीतरी पट रक्कम सहज इकडची तिकडे करतो, आणि फरशी तर पुढे बदलताही येते.

चांगला ब्लॉक बिघडू नये म्हणून

निवड योग्य झाली तरी बांधणीत काही पथ्ये पाळावी लागतात. विटेवर हात बसलेल्या मिस्त्रीची पहिली सवय म्हणजे ब्लॉक पाण्यात भिजविणे. वीट भिजवावी लागते, काँक्रीट ब्लॉक भिजवू नये. फार उन्हात त्याच्या कडा किंचित ओलसर केल्या तरी पुरे. भिजलेला ब्लॉक भिंतीत वाळताना आकसतो आणि भेग देतो. पाणी द्यावयाचे ते सांध्यांना, बांधकामानंतर आठवडाभर, हलक्या शिंपणाने.

सांधे दहा मिलिमीटरचे आणि मालाने पूर्ण भरलेले असावेत. साध्या भिंतीला एकास सहा हे सिमेंट-वाळूचे प्रमाण चालते, जमिनीखाली अभियंत्याच्या सल्ल्याने ते किंचित समृद्ध करावे. अतिशय कडक माल मात्र घालू नये. किंचित हालचाल झाली तर सांधा सुटलेला परवडतो, ब्लॉक फुटलेला परवडत नाही.

ऊसर जमीन असेल, तर माती आणि पाणी या दोन्हींची रासायनिक तपासणी करून घ्यावी. सर्वसाधारण परिस्थितीत राखमिश्रित पोझोलाना सिमेंट क्षारांना अधिक चांगले तोंड देते. सल्फेटचे प्रमाण फार निघाल्यास सल्फेटरोधक सिमेंटचा विचार अभियंत्याने करावा. चरातून निघालेली रेहयुक्त माती जोत्याच्या भरावात परत टाकू नये, तेथे स्वच्छ वाळू घालावी. भराव भिंतीच्या दोन्ही बाजूंनी सारखा, पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी, ठोकून करावा. एकाच बाजूने माती लोटल्यास ताजी भिंत ओळंब्यातून जाते.

जोत्याच्या पातळीवर ओलरोधक काँक्रीटचा थर सलग असलाच पाहिजे. त्यात एका खोलीपुरतीही खिंड राहिली, तर ओल नेमकी तेथून वर चढते. भूकंपाच्या २००२ च्या नकाशानुसार लखनौ तिसऱ्या विभागात येते. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाने मऊ गाळाच्या जमिनीवर केलेली हानी प्रसिद्ध आहे. म्हणून अशा जमिनीवर जोत्याच्या पातळीला सर्व भिंतींना एकत्र बांधणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा द्यावा. तो थोड्या काळजीने केल्यास ओलरोधक थराचेही काम करतो. शेवटी, घराभोवती बाहेरच्या बाजूस उतरता कोबा केला, तर पावसाचे पाणी पायाशी थांबत नाही. खोदाईसाठी पावसाळा टाळून ऑक्टोबर ते मे हा काळ निवडावा.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक पुस्ती जोडतो. काळ्या, फुगणाऱ्या मातीत केवळ चांगला ब्लॉक पुरेसा नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायाच हलवते. तेथे पायाचा प्रकारच वेगळा घ्यावा लागतो. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे काँक्रीटचे खुंट अशाच जमिनीसाठी आहेत. ब्लॉकच्या कसोट्या मात्र सर्वत्र त्याच.

कर्जाचा हप्ता आणि बुजलेला चर

शाखांमधील सहकाऱ्यांसाठीही यात एक विचार आहे. स्वतः बांधल्या जाणाऱ्या घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने दिले जाते. जोते पूर्ण झाल्याचा दाखला आला की पुढील रक्कम मिळते. मूल्यांकनकार जागेवर जातो तेव्हा त्याला जोते दिसते, परंतु त्याखालील भिंत मातीत गेलेली असते. ज्या मालमत्तेच्या तारणावर बँक पंधरा-वीस वर्षे विसंबणार, तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणीच पाहिलेला नसतो.

यावर उपाय साधा आहे. चर बुजविण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, ब्लॉकचे खरेदीपत्र आणि प्रयोगशाळेचा दाखला फाइलमध्ये लावावा, आणि शक्य असेल तेथे पहिली भेट जोत्यापूर्वी ठरवावी. ग्राहकाने ही कागदपत्रे आपणहून आणली, तर त्यांकडे अनावश्यक कागद म्हणून पाहू नये. ती त्याच्या घराची जन्मपत्रिकाच होय. उद्या वरच्या मजल्यासाठी तो पुन्हा कर्ज मागावयास येईल, तेव्हा पाया किती पेलू शकतो याचे उत्तर त्याच फाइलमध्ये सापडेल.

लखनौहून माझी बदली झाली त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्या घरी चहाला गेलो होतो. दोन पावसाळे उलटून गेले होते. हॉलमधील भिंतीच्या तळाशी मी सवयीने हात लावून पाहिला, भिंत कोरडी होती. वहिनींच्या ते लक्षात आले. त्यांनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. तीत बुजण्यापूर्वीच्या चराची छायाचित्रे होती आणि एका वहीच्या कागदावर मिस्त्रीच्या अक्षरात प्रत्येक ट्रॉलीतील ब्लॉकची वजने क्रमाने लिहिलेली होती. मुलगा वरचा मजला बांधील तेव्हा त्याला उपयोगी पडेल म्हणून ती जपून ठेवली आहे, असे त्या म्हणाल्या.